वासरांना नाकातून लस मिळते, मग बाळांना का नाही? (आरएसव्ही आणि जिवंत लसी)

चिमणी_कॉर्क
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी आयर्लंडमध्ये कॉर्कच्या बाहेर राहते, शेजारी सगळे डेअरीवाले. ऑक्टोबरात गुरं आत गोठ्यात घेतात तेव्हा शेजारच्या काकांना वासरांच्या नाकात काहीतरी मारताना पाहिलं, एका हाताने हनुवटी वर धरायची आणि दुसऱ्या हाताने सिरिंजला लावलेल्या प्लॅस्टिकच्या नळीने नाकपुडीत दोन एमएल. वासरू फुरफुरतं, शिंकतं, झालं. विचारलं तर म्हणाले आरएसची लस आहे, जिवंत विषाणूची, वर्षानुवर्षं देतो.

आणि त्याच सुमारास माझ्या बहिणीचं चार महिन्यांचं बाळ पुण्यात आरएसव्हीने (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, श्वासाचा विषाणू) ॲडमिट होतं, नाकाला ऑक्सिजन. डॉक्टर म्हणाले एवढ्या लहान बाळाला द्यायची लस नाहीये, ऑक्सिजन, सलाईन, सक्शन आणि वाट बघायची. आता बरा आहे, घरी आलाय. पण माझ्या डोक्यातून हे जात नाहीये की वासराला आहे आणि बाळाला नाही? नाव तर एकच, आरएसव्ही. इथे २०२४ पासून नवजात बाळांना हिवाळ्याआधी इंजेक्शन देतात पण ती लस नव्हे, अँटिबॉडी म्हणे. कुणी समजावून सांगेल का? इथे डॉक्टर, पशुवैद्य, लॅबवाले सगळेच आहेत म्हणून विचारतेय.

गोठ्यातला_डॉक्टर
छान धागा ताई. मी पशुवैद्य, सांगली भागात.

पहिलं म्हणजे दोन्ही विषाणू चुलतभाऊ आहेत, एकच नाहीत. माणसातला १९५६ ला आधी चिंपांझींत सापडला, मग बाळांत. गुरांमधला १९७० ला स्वित्झर्लंडमध्ये सापडला. रोग जवळपास सारखा, लहान वयात जास्त, छोट्या श्वासनलिका सुजतात, वासरू मान पुढे काढून तोंडाने श्वास घेतं.

तुमच्या शेजाऱ्यांनी दिली ती बहुतेक आरएस आणि पीआय-३ (पॅराइन्फ्लुएंझा, श्वासाचाच दुसरा विषाणू) ची जोडलस, नऊ दिवसांच्या वासरापासून देता येते, दोन एमएल नाकात. पण लेबल नीट वाचा हो. त्यावर "रोग होणार नाही" असं नसतं, विषाणू बाहेर टाकण्याचं प्रमाण कमी होतं एवढंच असतं, आणि संरक्षण साधारण १२ आठवडे. गोठेवाल्याला तेवढं पुरतं. हिवाळ्यात दाटीने बांधलेली वासरं त्या तीन महिन्यांत आजारी पडली नाहीत, वजन घटलं नाही, की पैसे वसूल. शंभरातल्या दोघांना ताप आला, नाक वाहिलं, कुणी विचारत नाही. बाळाच्या बाबतीत हे चालेल का सांगा.

तिरसट_काका
चालेल का म्हणजे? कंपन्यांना गरिबांच्या पोरांत पैसा दिसत नाही एवढंच कारण आहे. गाय दूध देते, पोर काय देतं. सत्तरेक वर्षं झाली विषाणू सापडून.

मऊभात
काका, पैशाचा मुद्दा पूर्ण खोटा नाही पण इथे मुख्य कारण ते नाही. मी बालरोगतज्ज्ञ, पुण्यात. पाऊस जोर धरतो तेव्हापासून दिवाळीपर्यंत आमचे वॉर्ड या बाळांनी भरलेले असतात. आई सांगते "सर्दी होती साधी, काल रात्रीपासून पोट उडतंय, दूध ओढत नाहीये". तपासलं की बरगड्यांखाली खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलतायत, आणि छातीत बारीक शिट्टी. यात औषध फारसं काही नाही हे आईबापांना पटवणं हाच निम्मा इलाज, नाहीतर ते अँटिबायोटिक लिहून घ्यायला दुसरीकडे जातात.

जगात पाच वर्षांखालची लाखभर मुलं दर वर्षी यात जातात, २०१९ चा अंदाज १ लाखाच्या जरा वर होता, आणि त्यातली ९७ टक्के गरीब आणि मध्यम देशांतली. आपल्याकडे मेळघाटात महान ट्रस्टच्या लोकांनी अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर घरोघर जाऊन नोंदी घेतल्या, तेव्हा हॉस्पिटलच्या दारापर्यंत न पोचलेली बाळंसुद्धा मोजली गेली. शहरातल्या आकड्यांत ती येतच नाहीत.

पण लस नसण्याचं खरं कारण १९६६ आहे. पिपेट, तू सांगतोस का? तुझा विषय आहे.

पिपेट
बोलावलंतच तर लांब लिहितो, चहा घेऊन बसा. मी अमेरिकेत विषाणूंच्याच लॅबमध्ये आहे, आरएसव्हीवर थेट नाही पण शेजारच्या बाकावर.

पोलिओची साल्कची लस मेलेल्या विषाणूची, फॉर्मालिनने मारलेला, आणि ती चालली. म्हणून साठच्या दशकात आरएसव्हीचंही तसंच केलं, विषाणू वाढवला, फॉर्मालिनने मारला, तुरटीच्या जातीच्या क्षारात मिसळला आणि बाळांना टोचला. वॉशिंग्टनच्या चाचणीत लहान बाळं होती, सहा-सात महिन्यांच्या आतली. रक्तात अँटिबॉडी दिसल्या, सगळे खूश. मग सीझन आला. लस घेतलेल्यांपैकी ज्या २० बाळांना खरा आरएसव्ही झाला त्यातली १६ हॉस्पिटलात गेली. न घेतलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. दोन मुलं गेली.

म्हणजे लसीने नुसतं वाचवलं नाही असं नाही, लसीने आजार वाढवला. का ते कळायला चार दशकं गेली. थोडक्यात, फॉर्मालिनने विषाणूच्या वरच्या एफ प्रथिनाचा आकारच बिघडला होता, त्यामुळे अँटिबॉडी तयार झाल्या त्या चिकटायच्या पण विषाणूला अडवायच्या नाहीत, वर शरीराचा प्रतिसादही चुकीच्या बाजूला, दम्यासारखा झुकला. एफचा पेशीत शिरण्याआधीचा आकार २०१३ मध्ये मॅकलेलन, ग्रॅहम, क्वाँग या मंडळींनी घट्ट बांधून दाखवला, त्यानंतरच म्हाताऱ्यांच्या आणि गरोदर बायकांच्या लसी आल्या. गरोदरपणातली अमेरिकेत ऑगस्ट २०२३ ला मंजूर झाली, ३२ ते ३६ आठवड्यांत देतात, आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळाला जातात.

पण ज्या बाळाने आरएसव्ही कधी पाहिलाच नाही त्याला प्रथिनाची किंवा मेलेली लस द्यायला आजही हात थरथरतो. २०२४ मध्ये बाळांवरची एक एमआरएनए लसीची चाचणी थांबवावी लागली कारण लस घेतलेल्या बाळांत गंभीर आजार जास्त दिसला, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबरात त्यावर तज्ज्ञांची समिती बसवली. कारण तेच जुनं आहे की वेगळं यावर वाद आहे.

जिवंत पण अशक्त केलेल्या विषाणूने मात्र हा वाढीव आजार कधी दिसलेला नाही. नाकात खरा संसर्ग होतो, फक्त सौम्य, त्यामुळे शरीर योग्य वळणावर शिकतं. म्हणून बाळांसाठी तीच वाट धरलेली आहे, साठ वर्षं झाली तरी.

सई_सोलापूर
बाप रे १६/२०. हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.
मग वासरांना मेलेली लस दिली तर असंच होतं का?

गोठ्यातला_डॉक्टर
हो, काही प्रयोगांत फॉर्मालिनची लस देऊन मग वासरांना विषाणू दिला तेव्हा आजार वाढलेला दिसलाय. आणि इथेच मोठा फरक आहे, आम्ही हे करून बघू शकतो. दहा वासरांना लस, दहांना नुसतं पाणी, महिन्याने सगळ्यांच्या नाकात जहाल विषाणू, मग कुणाला किती ताप, किती विषाणू बाहेर, शेवटी फुप्फुस उघडून किती भाग कडक झालाय ते टक्क्यांत मोजायचं. दोन महिन्यांत उत्तर हातात. बाळाच्या बाबतीत यातली एकही पायरी करता येत नाही, करूही नये.

पिपेट
अगदी. बाळांत पायऱ्या अशा असतात: आधी मोठी माणसं, मग आरएसव्ही होऊन गेलेली मुलं, मग न झालेली सहा महिन्यांवरची, आणि फार फार तर शेवटी तान्ही. गंमत अशी की मोठ्या माणसाच्या नाकात काही झालं नाही याला अर्थच नाही, त्याला आयुष्यभरात दहा वेळा आरएसव्ही होऊन गेलाय, त्याचं शरीर त्या विषाणूला उभंच करत नाही. खरी परीक्षा कोऱ्या बाळात.

नव्वदच्या दशकात एक फार मेहनतीने तयार केलेला विषाणू होता, सीपीटीएस २४८/४०४. थंड तापमानात वाढवून वाढवून, मग रसायनाने बदल घडवून, असा की नाकातल्या थंडाव्यात वाढेल पण छातीतल्या उबेत मान टाकेल. मोठ्या मुलांत उत्तम. एक-दोन महिन्यांच्या बाळांना दिला तर बहुतेकांचं नाक चोंदलं. बस्स, तिथे संपला. एवढ्याशा कारणाने?

मऊभात
एवढंसं नाही रे. त्या वयाचं बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही, झोपताना घुसमटतं, आईचा जीव वर. आणि तू निरोगी बाळाला मुद्दाम हे देतोयस, आजारी बाळाला औषध नव्हे. चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या कमिटीतही कुणीतरी नातवंडवाला असणार.

उस्मानाबादी
राम राम. आमचा शेळीपालनाचा धंदा हाय, धाराशिव जिल्हा. तुमचं ते आरएसव्ही आमाला नवीन, पण जिवंत लस म्हणाल तर पीपीआरची आमच्या शेळ्यांना देतोच की. तीन-चार महिन्यांच्या वरच्या पिलांना मानेच्या कातडीखाली एक एमएल. एकदा दिली की तीन वर्षं बघायला नको. आधी एकदा रोग आला तवा नाकाडोळ्यातून घाण, तोंडात फोड, हगवण, धाप, आठवड्यात निम्मा कळप गेला शेजाऱ्याचा. लस द्यायला येतात ते सायबं बर्फाच्या थर्मासात बाटली घिऊन येतात, पाणी घातलं की दोन तासात संपवा म्हणतात, शंभर शेळ्यांची बाटली. तवा सगळा गाव मिळून शेळ्या एका जागी आणावं लागतंय, नायतर उरलेली फेकून द्यायची. मग यात अवघड काय हाय? शेळीला जमलं तर लेकराला का जमत नाय?

गोठ्यातला_डॉक्टर
दादा, तुमचा प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे.

पीपीआर हा गुरांच्या बुळकांडीचा भाऊ, आणि गोवरही त्याच घरातला. या कुटुंबातले विषाणू एकदा होऊन गेले की पुन्हा सहसा होत नाहीत, म्हणून त्यांच्या लसीही टिकाऊ होतात. बुळकांडीची लस प्लोराइट यांनी केनियात तयार केली, विषाणू वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत नव्वदेक वेळा फिरवत फिरवत नेला, आणि तो रोग २०११ ला पृथ्वीवरूनच गेला. आपल्या देशातली शेवटची लागण १९९५ ची. तुमच्या शेळ्यांची लस मुक्तेश्वरला भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने केली, हिमाचलातल्या सुंगरी गावात १९९६ ला सापडलेल्या विषाणूपासून, व्हेरो पेशींत (माकडाच्या मूत्रपिंडाच्या) साठेक वेळा फिरवून. लसीचा विषाणू परदेशातून आणलेला नाही, हे मुद्दाम सांगतो.

आरएसव्ही तसा नाही. तो आयुष्यभर पुन्हापुन्हा होतो, तुम्हालाही मलाही, आपण सर्दी म्हणून सोडून देतो. जिथे खरा रोगच पक्की प्रतिकारशक्ती देत नाही तिथे अशक्त केलेला विषाणू किती देणार. म्हणून वासरांच्या लसीला १२ आठवडे.

उस्मानाबादी
हां, आता कळलं.

लेअरवाला
पोल्ट्रीवाल्यांना कुणी विचारत नाही पण श्वासाच्या रोगावर जिवंत लसी आमच्याइतक्या कुणीच वापरत नाही. मानमोडीसाठी (राणीखेत) पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात थेंब, नंतर लासोटा ही लस पिण्याच्या पाण्यातून. पाण्यातून देताना आधी दोन तास पाणी बंद करून पक्षी तहानलेले ठेवायचे, टाकीत दूध पावडर कालवायची म्हणजे क्लोरीन मरतं, मग लस. पावडर विसरली तर लस दिली काय न दिली काय.

आमच्याकडे लस दिल्यावर तीन-चार दिवस शेड मध्ये शिंकांचा आवाज येतो रात्री. आवाज आला की लस लागली म्हणतो आम्ही. अजिबात आला नाही तर उलट शंका येते. जास्त आला तर औषधाचा खर्च. बाळांचं पण हेच दुखणं दिसतंय, लागली पण पाहिजे आणि शिंक पण नको.

पिपेट
लेअरवाले, या धाग्यातलं सगळ्यात नेमकं वाक्य तुमचं.

दोन्ही बाजूंची उदाहरणं फ्लूच्या नाकातल्या लसीत आहेत. अमेरिकेतली फ्लूमिस्ट, मासाब यांच्या थंडीत वाढवलेल्या विषाणूवर बेतलेली, २००३ ला आली. दोन वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत कारण चाचणीत त्या वयात घरघर वाढलेली दिसली. म्हणजे तिथे जास्त झाली. पुढे २०१६ आणि २०१७ अशा दोन सीझनला तज्ज्ञांनी ती देऊच नका म्हटलं, कारण तिच्यातला एच१एन१ चा भाग मुलांच्या नाकात नीट वाढतच नव्हता, काम शून्याजवळ. म्हणजे तिथे कमी पडली. मग तो घटक बदलला आणि २०१८ ला परत आली. एकच लस, दोन्ही टोकं.

मऊभात
पुण्याचंच उदाहरण आहे की. २००९ च्या स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू इथला, शाळा बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, कुणाला आठवत नसेल तर नवल. वर्षभरात इथल्या सीरम इन्स्टिट्यूटने नाझोव्हॅक काढली, जुलै २०१० ला, लेनिनग्राड नावाच्या अशक्त केलेल्या रशियन विषाणूच्या पाठीवर बसवलेली, जागतिक आरोग्य संघटनेमार्फत मिळालेली. नाकात फवारा, अर्धा एमएल, दोन्ही नाकपुड्यांत वाटून. सुई नाही म्हणून मुलं खूश, आया मात्र "एवढंसं उडालं, पुरेसं गेलं का?" विचारायच्या.

नंतर त्याच सीरमच्या फ्लूच्या लसीच्या मोठ्या चाचण्या बांगलादेश आणि सेनेगलमध्ये झाल्या. बांगलादेशात बऱ्यापैकी संरक्षण मिळालं, सेनेगलमध्ये काहीच नाही. लस एकच, मुलं त्याच वयाची. पटणारं कारण मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तिरसट_काका
म्हणजे नशीब. आणि हे जिवंत विषाणू परत जहाल झाले तर? पोलिओच्या थेंबांचं झालंच ना.

पिपेट
रास्त प्रश्न. आणि पोलिओ सोडा, कोंबड्यांतच त्याहून भारी घडलंय. ऑस्ट्रेलियात श्वासनलिकेच्या आयएलटी रोगासाठी स्थानिक जिवंत लस होती, मग युरोपातली दुसरी आणली. दोन्ही अशक्त, पण अशक्त होण्याची जागा दोघींची वेगळी. एकाच भागात दोन्ही वापरात आल्या, कुठेतरी एकाच पक्ष्यात दोन्ही भेटल्या आणि एकमेकींचे धडधाकट तुकडे घेऊन नवीन जहाल विषाणू तयार झाला, कोंबड्या मेल्या. २०१२ ला हे जनुकं वाचून सिद्ध झालं.

आरएसव्हीच्या बाबतीत दोन गोष्टी बऱ्या आहेत. एक, या घराण्यातले विषाणू असे तुकडे अदलाबदल जवळजवळ करत नाहीत. दोन, आता नुसतं फिरवत बसून नशिबावर सोडत नाहीत. १९९५ ला कॉलिन्स यांच्या गटाने डीएनएतून आख्खा आरएसव्ही परत बांधायची रीत काढली, तेव्हापासून कुठलं जनुक काढायचं ते ठरवून काढतात. एम२-२ नावाचं जनुक काढलं की विषाणू स्वतःच्या प्रती कमी काढतो पण प्रथिनं जास्त बनवतो, म्हणजे आजार कमी आणि शिकवणी जास्त. एनएस२ काढलं की आपल्या पेशीची धोक्याची घंटा दाबून टाकायची त्याची ताकद जाते. आख्खं जनुकच नाही तर ते परत येणार कुठून? एकेका अक्षराचा बदल उलटू शकतो, म्हणून त्याच्या शेजारी दुसरा बदल करून तो खिळवून ठेवतात.

तिसरा प्रकार, शेकडो ठिकाणी अक्षरं बदलायची पण प्रथिन तेच ठेवायचं, पेशीला ते वाचायला जड जातं आणि विषाणू सावकाश वाढतो. शेकडो बदल एकदम उलटणं जवळपास अशक्य. सीरमने कोविडमध्ये कोडाजेनिक्सबरोबर याच पद्धतीची नाकातली लस करायला घेतली होती, कोवी-व्हॅक.

आणि ताईंसाठी खास: गुरांच्या पीआय-३ विषाणूलाच बाळांची लस म्हणून वापरून पाहिलंय. तो माणसात नीट वाढत नाही, जन्मजात अशक्त. त्याच्या अंगावर माणसाच्या पीआय-३ ची आणि आरएसव्हीची प्रथिनं चढवली. बाळांना त्रास झाला नाही, पण आरएसव्हीविरुद्ध प्रतिसाद फिका. जेन्नरने गाईची देवी वापरली त्याच वाटेवरचं काम आहे, अजून चालू आहे.

लेअरवाला
ऑस्ट्रेलियाचं वाचून घाम फुटला. आमच्याकडे तर जी कंपनी स्वस्त देईल ती बाटली. यावेळी हिची, पुढच्या लॉटला तिची.

गोठ्यातला_डॉक्टर
मानमोडीच्या लसीत तसला धोका जवळजवळ नाही, तो पिपेट म्हणतात त्याच अदलाबदल न करणाऱ्या घराण्यातला. कोंबड्यांच्या ब्राँकायटिसचा विषाणू मात्र अदलाबदलीत पटाईत. तिथे एका शेडमध्ये, एका भागात शक्यतो एकच स्ट्रेन धरा आणि बदल करायचा तर डॉक्टरांना विचारून.

सई_सोलापूर
एक शंका. वासराला नऊ दिवसांचं असताना देतात, त्याने तर चीक प्यायलेला असतो, गाईच्या अँटिबॉडी असणारच, मग त्या लसीलाच मारत नाहीत का?

गोठ्यातला_डॉक्टर
मारतात, टोचली तर जास्त. म्हणूनच नाकातून. चिकातल्या अँटिबॉडी रक्तात भरपूर, नाकाच्या अस्तरावर त्या मानाने कमी, तिथे विषाणूला थोडी जागा मिळते. पण पूर्ण सुटका नाही.

मऊभात
बाळाला त्या वारेतून येतात, चिकाची वाट बघत नाहीत. गोवराची लस नऊ महिन्यांपर्यंत थांबवतात ती याच कारणाने. पण आरएसव्हीत सगळ्यात धोक्याचे पहिले सहाच महिने, थांबायला वेळच नाही. म्हणून आता विभागणी झालीय: पहिले सहा महिने आईची लस किंवा अँटिबॉडीचं इंजेक्शन, आणि जिवंत नाकातली लस सहा महिन्यांच्या पुढच्यांसाठी तयार होतेय. चिमणी, तुझ्या भाच्याला पुढच्या सीझनला ती मिळेल अशी आशा लावून बसू नकोस. फ्लूचं इंजेक्शन सहा महिन्यांनंतर घ्या, घरातल्या सर्दीवाल्यांनी मुके घेणं बंद, आणि उदबत्ती-सिगारेटचा धूर त्याच्या खोलीत नको.

चिमणी_कॉर्क
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मुके बंदचा निरोप आजीला पोचवलाय, आजी रुसलीय.
शेवटचं एकच. दीड वर्षाच्या मोठ्या भावाला उद्या अशी जिवंत लस दिली आणि घरात महिन्याचं बाळ असेल, तर त्याच्या नाकातून त्या बाळाला लागेल का?

पिपेट
लागू शकतो का हे चाचण्यांत फार बारकाईने बघतात. लस दिल्यावर ठरावीक दिवसांनी मुलाचं नाक सलाईनने धुऊन त्या पाण्यात किती विषाणू आहे ते मोजतात, आणि त्यात मुद्दाम केलेले बदल जागेवर आहेत का तेही वाचतात. आणि घरात सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर त्या मुलाला चाचणीत घेतच नाहीत. आधी हे आकडे हातात येऊ देत, मग ती अट काढायची का ते ठरेल.

तिरसट_काका
ही अट बरी आहे.